बिनदाराचे दुकान

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर नावाचे एक गाव आहे. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर घोडेगाव लागते. तेथून आत वळले की थोड्याच वेळात आपण ह्या गावी पोहोचतो. येथील शनिदेवाची मूर्ती म्हणजे सुमारे साडेपाच फूट उंचीची एक काळी शिळा होय. ती उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. तिला गाभारा नाही की छप्पर नाही. आणि गावातील घरांना दारे नाहीत, अशी ह्या गावाची दूरवर ख्याती आहे. पूर्वापार येथील घरांना चौकट असे, पण तीत कवाडे नसत. कुत्रे-मांजर आत शिरू नये म्हणून फार तर एखादी फळी आडवी लावीत, नाहीतर पडदा सोडीत. चोरी करणाऱ्यास शनिदेव शासन करतो, ही गावकऱ्यांची श्रद्धा. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने ह्या गावात शाखा उघडली, तेव्हा गावाच्या रीतीस मान देऊन तीही बिनकुलपाची ठेवली.

मुलांनो, ह्या गावाची आठवण आज एका निराळ्याच दुकानाच्या निमित्ताने काढली आहे. ज्याला आपण ऑनलाइन दुकान म्हणतो, तेही एका अर्थी बिनदाराचेच असते. त्याला भिंती नाहीत, पायरी नाही, संध्याकाळी लावावयाच्या फळ्या नाहीत. ते रात्रंदिवस उघडे असते. गिऱ्हाइकास दुकानदाराचे तोंड दिसत नाही आणि माल हातात घेऊन पारखता येत नाही. दुकानदारासही गिऱ्हाईक दिसत नाही. तरीदेखील एक जण पैसे पाठवितो व दुसरा माल पाठवितो. असे दुकान काढावयाचे झाल्यास ते कोठे थाटावे, हा पहिला प्रश्न असतो. तो कसा सोडवावा, हे आपण ह्या पाठात पाहू.

न पाहिलेल्या दुकानदाराकडून माल मागविण्याची रीत अगदीच नवी आहे, असे मात्र नाही. आपल्या देशातील टपालखात्याने १८७७ साली व्ही. पी. ची सोय सुरू केली. गिऱ्हाइकाने दुकानदारास पत्र लिहावे, दुकानदाराने पार्सल टपालात द्यावे, पोस्टमनने ते घरी नेऊन किंमत वसूल करावी आणि ती रक्कम टपालखात्याने दुकानदारास पोहोचवावी, अशी ही व्यवस्था होती. तुमच्या आजोबांच्या लहानपणी पुस्तके आणि औषधे अशीच मागविली जात. गिऱ्हाईक व दुकानदार एकमेकांना ओळखीत नसत. परंतु टपालखात्यावर दोघांचाही भरवसा असे. पुढे बंगळूर येथे २००७ साली पुस्तकविक्रीने आरंभ करणाऱ्या फ्लिपकार्टने २०१० साली ‘माल हाती पडल्यावर पैसे द्या’ अशी सोय दिली. ती ह्याच जुन्या युक्तीचे नवे रूप होते. ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. ऑनलाइन दुकानासाठी जागा निवडणे म्हणजे दोन अनोळखी माणसांच्या मध्ये उभा राहणारा भरवशाचा मध्यस्थ निवडणे होय.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, शिंगणापुरातील काही स्त्रियांचा बचतगट उडदाचे पापड करतो. शनिवारी आणि अमावास्येला गावात यात्रेकरूंची दाटी होते. त्या दिवशी पापड हातोहात खपतात. इतर दिवशी विक्री मंदावते. मुंबईहून किंवा सुरतेहून आलेली एखादी बाई पापड घेऊन जाते, घरी सर्वांना ते आवडतात. पण पुन्हा हवे झाले तर ते मागवावेत कोठून? म्हणून गटाने ऑनलाइन दुकान काढण्याचे ठरविले. त्यांच्यापुढे चार वाटा आहेत.

पहिली वाट मोठ्या बाजाराची. घोडेगावला कांद्याचा आणि जनावरांचा मोठा बाजार भरतो. तेथे माल घेऊन जाणाऱ्यास गिऱ्हाईक शोधीत हिंडावे लागत नाही. ते आधीच आलेले असते. अ‍ॅमेझॉन व फ्लिपकार्ट हे असेच बाजार आहेत. अ‍ॅमेझॉनने १९९५ साली अमेरिकेत पुस्तके विकण्यास प्रारंभ केला आणि २०१३ साली भारतात आपला बाजार मांडला. अशा ठिकाणी दुकानदाराने मालाची छायाचित्रे व किंमत मांडावयाची. पैसे घेण्याचे काम बाजारचालक पाहतो आणि बहुधा पार्सल पोहोचविण्याची व्यवस्थाही तोच करतो. त्याबद्दल तो सामान्यतः विक्रीमागे दलाली घेतो. मात्र येथे आपल्या पापडांशेजारीच इतर अनेकांचे पापड मांडलेले असतात आणि आलेले गिऱ्हाईक हे बाजाराचे असते, आपले नव्हे.

दुसरी वाट भाड्याच्या गाळ्याची. देवळाच्या वाटेवर तयार गाळा भाड्याने मिळावा, तसे तयार दुकान शॉपिफाय ह्यासारख्या कंपन्या देतात. ह्या कंपनीची हकीकत मोठी गमतीची आहे. कॅनडातील काही तरुणांना बर्फावरून घसरण्याच्या फळ्या विकावयाच्या होत्या. त्यासाठी २००४ साली मनाजोगते साधन न मिळाल्यामुळे त्यांनी ते स्वतःच तयार केले. पुढे लोकांना फळ्यांपेक्षा ते साधनच अधिक उपयोगी वाटेल, असे त्यांच्या ध्यानात आले आणि २००६ साली त्यांनी ते इतर दुकानदारांना भाड्याने देण्यास सुरुवात केली. येथे दुकानावर आपलीच पाटी असते. परंतु विक्री होवो वा न होवो, दरमहा भाडे द्यावेच लागते.

तिसरी वाट स्वतःच्या घरात दुकान मांडण्याची. २०११ साली निघालेली वूकॉमर्स ही प्रणाली फुकट मिळते व तीत हवा तो फेरफार करता येतो. पण घर स्वतःचे असले म्हणजे त्याची डागडुजीही स्वतःलाच करावी लागते. इंटरनेटवर जागा घेणे, दुकान चालू ठेवणे, चोरट्यांपासून ते जपणे हे सारे आपल्याच शिरावर येते. ज्यांच्या घरी ह्या कामातील जाणकार आहे, त्यांनाच ही वाट सोपी.

चौथी वाट खुल्या जाळ्याची. केंद्र सरकारच्या पुढाकाराने डिसेंबर २०२१ मध्ये ओएनडीसी ही संस्था स्थापन झाली. यूपीआय तुम्ही रोज पाहता. २०१६ साली ती आल्यापासून एका अ‍ॅपवरून दुसरे अ‍ॅप वापरणाऱ्यास पैसे धाडता येतात. त्याचप्रमाणे ह्या जाळ्यात गिऱ्हाईक एका अ‍ॅपवर आणि दुकानदार दुसऱ्या अ‍ॅपवर असला, तरी त्यांचा व्यवहार होऊ शकतो. येथे सारा बाजार एकाच धन्याचा नसतो.

मग ह्या चारांतील चांगली वाट कोणती? त्याचे उत्तर हिशेब केल्यावाचून मिळणार नाही. आकडे समजुतीसाठी घेऊ. प्रत्यक्षातील दर निरनिराळे असतात. समजा, पापडांच्या एका पुड्याची किंमत २०० रुपये. उडीद, मसाला, मजुरी व खोके मिळून खर्च १२० रुपये. पार्सलचा खर्च ४० रुपये. मोठ्या बाजाराची दलाली १५ टक्के धरली, तर ती ३० रुपये होते व गटाच्या हाती १० रुपये उरतात. भाड्याच्या गाळ्यात दलाली नाही. पैसे स्वीकारण्याचा आकार २ टक्के, म्हणजे ४ रुपये. तेथे पुड्यामागे ३६ रुपये उरतील. ह्यावरून गाळाच बरा असे वाटेल. पण गाळ्याचे दरमहा भाडे २००० रुपये असेल तर? महिन्याला ३० पुडे खपल्यास बाजारात ३०० रुपये मिळतील आणि गाळ्यात उलट ९२० रुपयांची खोट येईल. १५० पुडे खपल्यास मात्र बाजारात १५०० रुपये आणि गाळ्यात ३४०० रुपये उरतील. सुमारे ७७ पुड्यांपाशी दोन्ही वाटा सारख्या होतात. तेव्हा ‘सर्वांत चांगली जागा कोणती?’ असे विचारण्याऐवजी ‘आपला माल किती खपेल?’ हे आधी विचारावे.

ह्या हिशेबात आणखी दोन गोष्टी धरावयास हव्यात. पापड नाजूक असतो. खोके कच्चे असले तर वाटेत त्याचा चुरा होतो, गिऱ्हाईक तो परत करते आणि जाण्यायेण्याचा खर्च बहुधा दुकानदारावर पडतो. दहा पुड्यांचा नफा एका परत आलेल्या पुड्यात बुडू शकतो. म्हणून परतीचे नियम काय आहेत, हे दुकान उघडण्यापूर्वी वाचावे. दुसरे असे की, खाण्याचा पदार्थ विकणाऱ्यास अन्नसुरक्षेच्या कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक तुम्ही बिस्किटांच्या पुड्यावर पाहिला असेल.

परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वहीचा आहे. जुने दुकानदार आपली वही जिवापाड जपत. कोण गिऱ्हाईक काय नेते, कोणाला काय आवडते, हे तीवरून कळे. मोठ्या बाजारात ही वही बाजारचालकाच्या हाती राहते. उद्या त्याने दलाली वाढविली किंवा आपला माल काढून टाकला, तर आपली गिऱ्हाइके कोण होती हेही आपणांस ठाऊक नसते. स्वतःच्या पाटीखाली विकणाऱ्यास जागा बदलली तरी वही सोबत नेता येते. ह्या बाबतीत शिंगणापूरच्या गटाचे भाग्य असे की, त्याची पुष्कळ गिऱ्हाइके स्वतःच्या पायांनी गावात येतात. पापड घेणाऱ्या यात्रेकरूस विचारून, त्याच्या संमतीने नाव व पत्ता टिपून घेतला, तर गटाची स्वतःची वही तयार होईल. मग अनोळखी गिऱ्हाइकांसाठी मोठा बाजार आणि ओळखीच्यांसाठी स्वतःचे लहानसे दुकान, असा मेळ घालता येईल. मात्र दुसऱ्याचा पत्ता ही आपल्याकडे असलेली ठेव होय. ती कोणास विकू नये.

विश्वासाचा गैरफायदा घेणारेही जगात असतात. २०२५ साली शनिशिंगणापूरच्या देवस्थानाच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून ऑनलाइन पूजेसाठी भाविकांकडून पैसे घेतले गेल्याची तक्रार पुढे आली आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. ज्या गावाच्या घरांना दारे नसत, त्याच गावाच्या नावावर हे घडावे, ही दुःखाची गोष्ट होय. दूरच्या भाविकास चौथरा दिसत नव्हता. त्यास दिसत होते ते केवळ नाव आणि चित्र.

असे होऊ नये म्हणून सरकारने २०२० साली ऑनलाइन विक्रीसंबंधी नियम केले. त्यांप्रमाणे असा व्यवसाय चालविणाऱ्याने आपले नाव, पत्ता व तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याची माहिती उघडपणे द्यावी लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्यात तिचा निकाल लावावा, असा दंडक आहे. गिऱ्हाईक म्हणून तुम्ही ही माहिती प्रथम शोधावी. ती जेथे नाही, तेथे पैसे पाठवू नयेत. आणि दुकानदार व्हाल तेव्हा ती कोणी विचारण्यापूर्वीच ठळकपणे लिहावी. ज्या जागेत असे करता येत नाही, ती जागा स्वस्त असली तरी घेऊ नये.

शिंगणापूरनेही केवळ जुन्या रीतीवर सारे सोपविले आहे, असे नाही. २०१५ साली तेथे पोलीस ठाणे सुरू झाले. श्रद्धेच्या जोडीला व्यवस्था असावी, हे गावाने जाणले. बिनदाराच्या दुकानाचेही असेच आहे. हिशेब, नियम आणि वही ही त्याची व्यवस्था. दिलेला शब्द पाळणे हे त्याचे कुलूप. मुंबईच्या त्या बाईने पुडा उघडला आणि चित्रात होते तसेच अखंड, खमंग पापड तिच्या हाती आले, म्हणजे ती पुन्हा मागणी करील आणि शेजारणीलाही सांगेल. दुकान कोणत्याही जागी असो, ते चालते ते अशा दुसऱ्या मागणीवर.