गोल्फचं मैदान आखताना खेळाडूला काय विचारावं?

कोल्हापुरात मैदान म्हटलं की आधी खासबाग आठवतं, मग शाहू स्टेडियम. गोल्फ बहुतेकांना टीव्हीवर चॅनेल बदलता बदलता दोन मिनिटं दिसतो तेवढाच: हिरवळ, पांढऱ्या टोप्या आणि टाळ्यासुद्धा बेतानं वाजवणारी माणसं. पण बंगल्यांच्या प्रकल्पांच्या जाहिरातींत हल्ली ‘अमुक विजेत्यानं आखलेलं गोल्फ मैदान’ अशी ओळ असते, आणि पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळून आला तेव्हा माने आडनावाचा माणूस हाही खेळ खेळतो हे अनेकांना पहिल्यांदा कळलं. समजा असा एखादा पट्टीचा व्यावसायिक गोल्फर समोर बसलाय आणि मैदानाच्या आखणीवर बोलायला तयार आहे. त्याला विचारायचं काय? ‘मैदान कसं असावं?’ हा प्रश्न सगळ्यांत आधी सुचतो आणि तोच सगळ्यांत निरुपयोगी ठरतो. त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

‘जो उत्तम खेळतो त्याला मैदानही उत्तम आखता येतं’

जगातल्या नामांकित मैदानांचे कर्ते पाहिले तर हा समज टिकत नाही. अ‍ॅलिस्टर मॅकेंझी हा पेशानं डॉक्टर. बोअर युद्धात त्यानं शत्रूच्या लपण्याच्या युक्त्या बारकाईनं पाहिल्या आणि पुढे त्याच नजरेनं गोल्फची मैदानं आखली. खड्डा कुठे दिसावा, कुठे दिसू नये, लांबून सपाट वाटणारी जमीन जवळ गेल्यावर कशी उलगडावी, यात त्याचा हातखंडा होता. खेळाडू म्हणून तो बेताचाच. पीट डाय आयुर्विमा विकायचा. तो चांगला हौशी खेळाडू होता, पण ज्यांच्यासाठी मैदानं बांधली त्या व्यावसायिकांच्या पंगतीतला नव्हे.

उलट बाजूला जॅक निक्लॉस. अठरा मोठ्या स्पर्धा जिंकलेला माणूस. त्याच्या सुरुवातीच्या मैदानांवर टीका झाली ती अशी की ती त्याच्या स्वतःच्या फटक्याला साजेशी आहेत. निक्लॉसचा चेंडू उंच जायचा आणि हवेत डावीकडून उजवीकडे वळायचा. ज्यांचा चेंडू तसा जात नाही त्यांनी काय करायचं? पुढे त्याच्या आखणीत फरक पडला, पण तो खेळातून आपोआप आला नाही, मैदानं बांधता बांधता आला.

खेळाडूला आखणी जमतच नाही असंही नाही. ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकणारा ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन आखणीकारांच्या जोडीनं कामाला लागला आणि ते काम मन लावून शिकला. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोदी कोर्सची सत्तरच्या दशकातली फेरआखणी आणि बेंगळुरूचं कर्नाटक गोल्फ असोसिएशनचं मैदान ही त्याचीच कामं.

पण खेळाडूचा खरा उपयोग पाहायचा तर ऑगस्टा नॅशनलकडे जावं लागतं. 1933 मध्ये सुरू झालेलं हे मैदान मॅकेंझी आणि बॉबी जोन्स या दोघांचं. जोन्स त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. मैदान बांधत असताना, गवतही उगवलेलं नव्हतं तेव्हा, जोन्स उघड्या मातीवर उभा राहून चेंडू मारायचा आणि मॅकेंझी बाजूला उभा राहून चेंडू कुठे पडतो ते बघायचा. त्याची छायाचित्रं उपलब्ध आहेत. चांगली मुलाखत अशीच असते. मत कमी विचारायचं आणि फटका जास्त बघायचा. म्हणून पहिला प्रश्न टेबलावर नकाशा पसरून विचारू नये. जागेवर न्यावं, चेंडू मारायला लावावा आणि मग विचारावं: आता मारताना कुठे बघत होतास? चेंडू कुठे गेला असता तर चालणार नव्हतं? चुकणारच असेल तर कोणत्या बाजूला चुकलेलं पत्करशील? हा तिसरा प्रश्न व्यावसायिकाला हमखास बोलतं करतो, कारण त्याचा निम्मा खेळ बेताची चूक करण्याचा असतो.

‘खासबाग म्हणजे रोमच्या आखाड्याची नक्कल’

हा समज आपल्या घरचा आहे, आणि गोल्फच्या लेखात तो मुद्दाम घेतलाय. राजर्षी शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले, रोमची जुनी प्रेक्षागारं त्यांनी पाहिली आणि 1912 मध्ये खासबाग उभं राहिलं, इतकं खरं आहे. पण रोमच्या कलोसियमचं रिंगण लंबगोल, सुमारे 83 मीटर लांब आणि 48 मीटर रुंद. तिथे माणसांचे जथे आणि जनावरं सोडायची होती. कुस्तीत माणसं दोनच असतात, आणि पकड कुठे बसली, खांदा मातीला लागला की नाही, हे लांब बसलेल्यालाही दिसावं लागतं. नाहीतर निकालावरून दंगा ठरलेला. म्हणून खासबागेत गोल हौदा मध्यभागी आणि भोवती चढत गेलेली बैठक, अशी की पुढच्याचा पटका मागच्याच्या नजरेआड येत नाही. कल्पना बाहेरून आली, मापं कुस्तीतून आली. महाराज स्वतः लाल मातीत उतरलेले होते, तेव्हा पैलवानाला काय विचारायचं हा प्रश्न त्यांना पडायचं कारणच नव्हतं.

आणि हौद्यातली माती? ती नुसती खणून आणून टाकत नाहीत. चाळलेल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं घालून ती मुरवतात आणि वरचेवर उकरतात. फार घट्ट झाली तर अंगाला लागते, फार भुसभुशीत झाली तर पाय रुततो. कोणत्याही तालमीतल्या वस्तादाला हे हाताला कळतं. पण मातीत काय मिसळायचं हे नामवंत पैलवानापेक्षा रोज ती उकरणाऱ्या पोरांना जास्त ठाऊक असतं. गोल्फमध्ये ती जागा माळ्यांची आणि कॅडींची, म्हणजे खेळाडूची पिशवी वागवणाऱ्या मदतनिसांची. स्टार खेळाडूशी तासभर बोलायला मिळालं तर त्यातली दहा मिनिटं त्याच्या कॅडीला द्यावीत. ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू कुठे वळेल हे वाचण्यात अनेकदा खेळाडूही त्याच्यावर विसंबतो.

‘मोठा खेळाडू कुठल्याही मैदानाबद्दल सांगू शकतो’

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले, इथल्या मातीत तयार झाले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा कुस्ती मॅटवर होती, नियमही निराळे. ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं ते मॅट अंगवळणी पडल्यावर. ताकद तीच, डावही तेच, पण पायाखालची जमीन बदलली की खेळाडूला अर्धं काम नव्यानं शिकावं लागतं.

गोल्फमध्ये हे आणखी ठळक. समुद्रकाठच्या वाळूत वाढलेला खेळाडू चेंडू खालून, जमिनीला धरून पळवतो. पाणी पाजून मऊ केलेल्या मैदानावर वाढलेला तोच चेंडू उंच मारून जागीच थांबवतो. दोघंही विजेते, पण ‘चांगलं ग्रीन कसं असतं’ याला दोघांची उत्तरं उलटी येतील. तेव्हा आधी विचारावं: तू कुठे खेळत वाढलास? कुठल्या मैदानावर तुझा खेळ हमखास बिघडतो? बिघडतो त्या मैदानाबद्दल तो जे सांगेल ते आवडत्या मैदानाच्या कौतुकापेक्षा जास्त कामाचं असतं.

‘जितकं लांब आणि जितके बंकर, तितकं दर्जेदार’

बंकर म्हणजे वाळूचे खड्डे. दहा जागी खड्डे खणले की मैदान अवघड होतं, हा हौशी मंडळींचा आवडता समज. ऑगस्टा सुरू झालं तेव्हा तिथे बंकर मोजकेच होते, कसोटी होती ती जमिनीच्या चढउतारांची. दिल्लीच्या लोदी कोर्सवर फेअरवे, म्हणजे मधली खेळायची पट्टी, अरुंद आणि दोन्हीकडे दाट झाडी. लांब मारणारे नामांकित खेळाडू तिथे सगळ्यांत लांब जाणारा दांडा, ड्रायव्हर, अनेक होलांवर पिशवीतच ठेवतात. म्हणून विचारायचं: ड्रायव्हर कुठे बाहेर काढत नाहीस आणि का? ‘का’ला मिळालेलं उत्तर हेच आखणीचं मर्म. झाडी नुसती अडवते की एखादी मोकळी बाजू मोह घालून फसवते, यात फार फरक आहे.

फ्लोरिडातल्या सॉग्रासची गोष्ट या बाबतीत मजेशीर आहे. पीट डायनं दलदलीच्या जागेत ते मैदान उभं केलं. सतराव्या होलाच्या जागी चांगली वाळू निघाली, म्हणून ती उपसत गेले आणि शेवटी भला मोठा खड्डा उरला. डायची बायको अ‍ॅलिस म्हणाली, इथे पाणी भरा आणि ग्रीन बेटासारखं मध्ये ठेवा. जेमतेम 137 यार्डांचा तो होल आज जगातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध होल आहे, आणि तो लांबीमुळे नव्हे. 1982 मध्ये तिथे पहिल्यांदा मोठी स्पर्धा झाली तेव्हा व्यावसायिकांनी ग्रीनच्या उतारांवरून इतकी ओरड केली की डायला पुढे ते सौम्य करावे लागले. जिंकलेल्या जेरी पेटनं डायला तळ्यात ढकललं आणि मागोमाग स्वतःही उडी मारली. व्यावसायिकांची तक्रार रास्त होती का? ग्रीनबाबत बरीचशी होती. पण सतरावा होल त्यांच्या मतावर सोडला असता तर तो कदाचित राहिला नसता. खेळाडूची तक्रार ऐकावी, निकाल त्याच्याकडे देऊ नये.

‘व्यावसायिकाला रुचलं की सगळ्यांना रुचेल’

अमेरिकेतल्या व्यावसायिकांचा पहिला फटका सरासरी 300 यार्डांच्या आसपास जातो. हौशी पुरुष खेळाडूचा सव्वादोनशेच्या आतच पडतो, बायका, मुलं आणि वयस्कर यांचा त्याहून बराच कमी. व्यावसायिकासाठी 250 यार्डांवर मांडलेला बंकर तो सहज ओलांडतो आणि साध्या खेळाडूचा चेंडू त्याच्या अलीकडेच पडतो. म्हणजे तो बंकर कोणाच्याच वाट्याला येत नाही, फक्त त्याची वाळू बदलण्याचा खर्च क्लबच्या वाट्याला येतो. अ‍ॅलिस डाय स्वतः हौशी गटातली अव्वल खेळाडू होती आणि बायकांसाठी पुढच्या टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा, नीट हिशेबानं असाव्यात म्हणून तिनं वर्षानुवर्षं आग्रह धरला. पुढे अमेरिकेतल्या गोल्फ आखणीकारांच्या संस्थेची ती पहिली महिला अध्यक्ष झाली. तेव्हा खेळाडूला हेही विचारावं: हा होल तुझ्या आईनं कुठून खेळावा? बारा वर्षांच्या पोरानं कुठून? आपल्या फटक्यापलीकडे पाहता येणारा खेळाडू या प्रश्नावर लगेच ओळखू येतो.

‘अठरा होल हे शास्त्रशुद्ध गणित’

स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला आधी फेरी 22 होलांची होती. 1764 मध्ये काही आखूड होल एकत्र केल्यावर ती 18 ची झाली, आणि तिथलं बघून पुढे सगळीकडे. जागा कमी असेल तर नऊ होलांचं मैदान कमीपणाचं नाही.

‘गवत लावलं की झालं’

इथे खेळाडूला फार काही विचारूच नये. चांगल्या ग्रीनखाली एक यंत्रणा असते. अमेरिकन गोल्फ संघटनेच्या पद्धतीप्रमाणे वर सुमारे 12 इंच वाळूचा थर, त्याखाली 4 इंच खडी, त्याखाली पाणी वाहून नेणारे पाइप. हे सगळं कोल्हापुरात करायचं म्हटलं तर गाठ कोणाशी? पश्चिमेकडे जांभ्याची तांबडी माती आणि धो धो पाऊस. पूर्वेला काळी जमीन, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. नदीकाठची सपाट जागा बघून ‘इथे इमारत नाहीच होत, मग गोल्फ करू’ असं कोणाला वाटेल, पण राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे आणि 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. पूर ओसरल्यावर गवतावर बसलेला गाळ काढायला कोणताही विजेता येत नाही. पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं, हे ज्याची ती जमीन कसलेली आहे त्या शेतकऱ्याला विचारावं. उन्हाळ्यात पाणी कुठून आणणार, हे पाटबंधारे खात्याला आणि महापालिकेला. खेळाडूला फार तर इतकंच: पावसानंतर तुझ्या मैदानाचा कोणता कोपरा सगळ्यांत उशिरा वाळतो?

‘त्याचं नाव लागलं म्हणजे आखणी त्याचीच’

नामवंतांच्या नावानं निघालेल्या मैदानांत रोजचं काम बहुतेक वेळा त्यांच्या कंपनीतले आखणीकार करतात, आणि जमिनीला प्रत्यक्ष आकार देतो तो बुलडोझर चालवणारा कारागीर. या धंद्यात त्याला ‘शेपर’ म्हणतात. उतार दोन बोटं इकडचा तिकडं झाला की चेंडू वेगळीकडे जातो, आणि ती दोन बोटं त्याच्या हातात असतात. यात फसवणूक असतेच असं नाही. पण बंगला घेणारा ज्या नावासाठी जास्त पैसे मोजतो, त्या नावाच्या माणसानं किती वेळा येऊन जमीन पाहिली, ग्रीनचे उतार ठरत होते त्या दिवशी तो जागेवर होता का, आणि मैदान सुरू झाल्यावर वर्षभरानं पुन्हा येऊन चुकलेलं दुरुस्त करायचं करारात लिहिलंय का, हे तीन प्रश्न खेळाडूला समोरासमोर विचारायला हरकत नसावी. काम करणारा खेळाडू त्यांना चिडत नाही, आणि सही करून मोकळा झालेला असेल तर तो आपल्याला बहुधा व्यवस्थापकाचा नंबर देतो.