एका पिशवीच्या तीन मुदती

रक्तदात्याच्या शिरेतून पिशवीत उतरणारं 350 मिलिलिटर रक्त दिसायला एकजीव असतं, पण त्यातल्या घटकांचे स्वभाव फार वेगळे. जवळपास 55 टक्के भाग फिकट पिवळ्या प्लाझ्माचा: पाणी आणि त्यात अल्ब्युमिन, प्रतिपिंडं, रक्त गोठवणारी प्रथिनं. उरलेला बहुतेक भाग तांबड्या पेशींचा. त्या पक्व होताना केंद्रकही टाकून देतात, हिमोग्लोबिनने भरून जातात आणि सुमारे 120 दिवस ऑक्सिजन पोचवत राहतात. प्लेटलेट तर पूर्ण पेशीही नव्हेत. अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे ते तुकडे. शरीरात ते सात ते दहा दिवसच टिकतात, पण रक्तवाहिनी फाटली की तिथे आधी धावतात. म्हणूनच दान केलेलं रक्त शक्य तिथे घटकांत वेगळं करूनच वापरावं, असं माझं ठाम मत आहे.

हे काम रक्तपेढीतलं शीत सेंट्रिफ्यूज करतं. एकमेकींना नळ्यांनी जोडलेल्या पिशव्या त्यात वेगाने फिरतात. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, प्लाझ्मा वर राहतो आणि हवा न लागता शेजारच्या पिशवीत जातो. मग प्रत्येकाची सोय निराळी. तांबड्या पेशी 2 ते 6 अंशांना पोषक द्रावणात 42 दिवस टिकतात. प्लेटलेटना थंडी सोसत नाही; त्या 20 ते 24 अंशांना, सतत हलवत, पाचच दिवस ठेवता येतात. प्लाझ्मा उणे 30 अंशांना गोठवला की वर्षभर चालतो. अखंड पिशवी फ्रीजमध्ये ठेवली तर तांबड्या पेशी तगतात, पण प्लेटलेटची उपयुक्तता झपाट्याने घटते आणि गोठण्यासाठी लागणारा आठवा घटकही कमी होतो. थॅलेसेमियाच्या मुलाला दर काही आठवड्यांनी तांबड्या पेशीच हव्या असतात. प्लाझ्माचा वाढीव भार त्याच्या शरीरावर कशाला? पांढऱ्या पेशी संसर्गाशी लढतात खऱ्या, पण दुसऱ्याच्या शरीरात त्या कधीकधी ताप आणतात. म्हणून शक्य तिथे त्या गाळून टाकतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे: अपघातात माणसाचं अखंड रक्त जातं, मग अखंडच का देऊ नये? ताजं रक्त तत्काळ मिळत असेल तर द्यावंही. युद्धभूमीवर ते दिलं गेलं आहे. पण रुग्णालयात तिन्ही घटक योग्य प्रमाणात देऊन तीच भरपाई करता येते. दुसरा आक्षेप खर्चाचा: प्रत्येक तालुक्याला ही यंत्रणा परवडणार नाही. ती प्रत्येक ठिकाणी नकोच. रक्त जिल्ह्याच्या केंद्रात वेगळं करून तालुक्याच्या साठवण केंद्राला तांबड्या पेशी पुरवता येतात. मात्र प्लेटलेट काही तासांतच वेगळ्या कराव्या लागतात, त्यामुळे शिबिर आणि केंद्र यांतलं अंतर आधीच मोजायला हवं.

याच हिशेबातून शिबिरांची रीतही बदलायला हवी. महाराष्ट्रात एखाद्या वाढदिवशी एकाच दिवसात शेकडो पिशव्या जमतात. त्यांतल्या प्लेटलेटना पाच दिवसांत रुग्ण मिळाला नाही तर त्या टाकून द्याव्या लागतात, आणि मे महिन्यात मात्र सुट्ट्यांमुळे रक्तपेढ्या रिकाम्या होतात. दात्यांची उदारता खरी आहे. ती वर्षभर विभागली, तरच तिन्ही मुदतींचा उपयोग होईल. आयोजकांनी तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला गरज विचारावी.