शब्बाथच्या दिवशीं धांवणारी मोटार

कोंकणपट्टींत तेल गाळणाऱ्या बेने इस्राएल लोकांना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारीं रात्रीं तारे दिसेपर्यंत काम करावयाचें नाहीं, हा यहुदी धर्माचा कडक दंडक आहे. या विश्रांतिकालास शब्बाथ म्हणतात. त्यांत दिवा लावणेंही वर्ज्य. मग जिच्या यंत्रांत ठिणगीनें पेट्रोल जळतें ती मोटार चालविण्याचें नांवच नको! तरीही न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागांत, विल्यम्सबर्ग या कट्टर धर्मनिष्ठ वस्तींत, ऐन शनिवारच्या प्रार्थनेंतून एखादा गृहस्थ एकाएकीं उठतो, बाहेर उभ्या असलेल्या मोटारींत बसतो आणि वेगानें निघून जातो. त्याला कोणी नांवें ठेवीत नाहीं.

हा गृहस्थ ‘हात्सोला’ या पथकाचा स्वयंसेवक असतो. या हिब्रू शब्दाचा अर्थ सुटका. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रब्बी हर्शेल वेबर यांनीं याच वस्तींत पथकाचा पाया घातला. अडचण साधी, पण जीवघेणी होती. शहराची रुग्णवाहिका येण्यास वेळ लागे. आणि ती आली तरी जन्मभर यिडिश बोललेल्या म्हाताऱ्याला आपलें दुखणें इंग्रजींत सांगतां येत नसे. हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा पोहोंचूं लागते. दुरून येणाऱ्या गाडीला तेवढ्या अवधींत पोहोंचणें कठीण. गल्लींतल्या दुकानदाराला किंवा शिक्षकाला तो पुरतो. सारी योजना या हिशेबावर उभी आहे. दूरध्वनि येतांच केंद्रावरील माणूस बिनतारी यंत्रावरून पुकारा करतो. जो सर्वांत जवळ असेल तो आपल्या मोटारींतील प्राणवायु व औषधांची पेटी घेऊन धांवतो, आणि रुग्णवाहिका मागून येते. हे स्वयंसेवक रीतसर शिक्षण घेतलेले असतात, व रोग्याकडून मोबदला घेत नाहींत.

पण धर्माज्ञेचें काय? तालमूद ग्रंथांत याचा खल फार पूर्वीं झालेला आहे. आज्ञा दिल्या त्या माणसानें त्यांच्या योगें जगावें म्हणून, मरावें म्हणून नव्हे, असा तेथील निर्णय. जीव धोक्यांत असेल तर शब्बाथ मोडण्याची केवळ मुभा नाहीं, तें कर्तव्य आहे. अशा वेळीं धर्मगुरूला विचारीत बसणारा दोषी ठरतो. इतकेंच नव्हे, तर हें काम परधर्मीयावर किंवा लहान मुलावर न सोंपवितां जाणत्या थोर माणसांनींच करावें, असेंही सांगितलें आहे.

खरा पेंच पुढें आहे. रोगी रुग्णालयांत पोहोंचला, धोका टळला. आतां स्वयंसेवकानें घरीं परतावें कसें? परतीच्या वाटेवर कोणाचाच जीव टांगणीला नसतो. काटेकोरपणें पाहिलें तर त्यानें रात्र पडेपर्यंत तेथेंच बसावें. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन (१८९५-१९८६) यांनीं मात्र माणसाचा स्वभाव ओळखला. दर शब्बाथला बायकामुलांपासून दूर अडकून पडावें लागलें, तर पुढच्या हांकेला पाऊल जड होईल, आणि त्याची किंमत दुसराच कोणी रोगी देईल; म्हणून परत येण्याचीही मोकळीक त्यांनीं दिली. जेरुसलेमचे रब्बी श्लोमो झाल्मन आउअरबाख यांना ही मोकळीक इतकी सैल करणें पटलें नाहीं. दोघांचाही अधिकार मोठा. परंतु रात्रींबेरात्रीं उठणाऱ्या माणसाच्या मनाचा विचार फाइनस्टाइन यांनीं अधिक केला, असें म्हणणें भाग आहे.

स्त्रियांच्या बाबतींत मात्र ही उदारता आढळली नाहीं. प्रसूतीच्या वेणा सुरू झालेल्या स्त्रीकडे तिच्याच गल्लींतले पुरुष धांवून येत. उद्यां त्यांचीच गांठ रस्त्यांत पडावयाची. विनयाचे नियम इतके कडक असलेल्या समाजांत हा संकोच लहान नव्हे. ब्रुकलिनच्या हात्सोलानें स्त्रियांना पथकांत घेण्याचें नाकारलें, तेव्हां रूखी फ्रायर या वकील बाईंनीं ‘एझरास नाशिम’ नांवाचें केवळ स्त्रियांचें पथक उभारलें. फ्रायर बाई २०१६ सालीं न्यायाधीश म्हणून निवडून आल्या. पण त्यांच्या पथकाला स्वतःची रुग्णवाहिका चालविण्याचा परवाना मिळण्यास २०२० साल उजाडावें लागलें.