पंधरा दिवसांवर लग्न

सुपारी फुटली, पंधरा दिवसांवरची तारीख निघाली, की घरात पळापळ सुरू होते. अशा वेळी पत्रिका छापण्याआधी दोघांच्या जन्माचे दाखले बघा. मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षं पूर्ण हवीतच. कमी असतील तर लग्न थांबवा. घरचे ऐकत नसतील तर १०९८ वर फोन करा.

मग हातात पैसे किती, ते कागदावर लिहा आणि त्यावरून पानांचा आकडा ठरवा. ताट दीडशेचं धरलं तर जास्तीची दोनशे पानं म्हणजे तीस हजार रुपये. आपल्या शहापूर-मुरबाडकडे हळदीचं जेवण आणि डीजेही त्यात धरावा लागतो. घाईत व्याजाने पैसे उचलू नका. आधी गटाच्या बैठकीत विषय मांडा. तांदूळ निवडणं, भांडी गोळा करणं, आहेर लिहिणं ही कामं गटातल्या बायकांनी वाटून घ्यावीत.

कोर्टात लग्न झटपट होतं असं पुष्कळांना वाटतं. पण विशेष विवाह कायद्याने आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. घरच्या रीतीने लग्न लावलं, तर ९० दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. तो दाखला मुलीला पुढे जन्मभर कामी येतो.