जुन्या फियाटचे दार का लागत नाही?




एरवी या पानावर मी बेणेप्रक्रिया, पाचट आच्छादन, हुमणी असल्या विषयांवर लिहितो. यावेळी विषय जरा वेगळा आहे. प्लॉट पाहणीसाठी वस्त्यांवर फिरताना अजूनही कुठे कुठे गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली जुनी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, उभी दिसते. "साहेब, इंजिन एका चावीत चालू होतं, पण दारं काही लागत नाहीत," हे मालकाचे ठरलेले वाक्य. मग ते दार दोनदा आपटून दाखवतात. हे आपटणे थांबावे एवढ्याचसाठी हा लेख.

ही गाडी आपल्याला परकी नाही. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला साखर काढणारे तेच आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी काढणारेही तेच. पुढे १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले आणि २००० च्या सुमारास उत्पादन बंद झाले. मुंबईत ती टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत टिकली, कारण शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदली गेली होती आणि तिथे टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. सांगायचे कारण असे की, सुटे भाग आता कंपनीकडून येत नाहीत. मिळाले तर पुण्याच्या जुन्या बाजारात नाहीतर मुंबईच्या चोर बाजारात. तेव्हा आहे ते दार ठोकून वाकडे करून ठेवले तर दुसरे सहजासहजी मिळणार नाही.

आता मुख्य गोष्ट. दार लागत नाही तेव्हा बहुतेक वेळा दोष दारात नसतो. उसाचे पान पिवळे पडले म्हणून आपण पानाला औषध चोळत बसत नाही, आधी मुळाशी पाणी तुंबलंय का ते पाहतो. इथेही तसेच आहे. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. दाराखाली लांबीने जी पत्र्याची पोकळ पेटी असते, ती या सांगाड्याची तुळई समजा. ती आतून गंजली की मधला खांब खाली बसतो, दारांच्या फटी बदलतात आणि आपण बिचाऱ्या दाराला दोष देतो.

माझाच अनुभव सांगतो. आमच्या वडिलांनी मुंबईहून जुनी पद्मिनी आणली होती. मागचे डावे दार लागेना म्हणून एका गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने दार गुडघा लावून वाकवले, खटक्याचा भाग आत सरकवला, वरून लांबी भरून रंग मारला. दार लागले, आम्ही खूश. दोन महिन्यांनी कॅनॉलच्या रस्त्यावर वळणावर तेच दार खाडकन उघडले. आत आई बसली होती. पुढच्या सीटची पाठ तिने घट्ट धरली म्हणून वाचली. पिशवीतली भाजी तेवढी खाली गेली. नंतर दुसऱ्या मिस्त्रीने खालच्या पेटीत पेचकस खुपसून दाखवला, तो मुठीपर्यंत आत गेला!

म्हणून तपासणी क्रमाने करावी. गाडी सपाट जागेवर उभी करा. दार अर्धे उघडून मागच्या टोकाला धरून वर उचला. टक् असा आवाज होऊन दार हलले तर बिजागरीची पिन झिजली आहे किंवा स्क्रू ढिले आहेत. हा दोष सोपा. पिन खराद्याकडून नवी करून घेता येते. दार हलत नसेल तर ते लावून चारी बाजूंची फट पाहा. मागच्या टोकाला लोंबलेल्या दाराची पुढची फट वर रुंद आणि खाली चिंचोळी होते. शिवाय गाडीच्या अंगावरून जाणारी चकचकीत पट्टी बघा. मडगार्डवरची आणि दोन्ही दारांवरची पट्टी ओळंब्यासारखी एका रेषेत हवी. पट्टी नुसती शोभेची नसते, दार किती उतरले ते ती सांगते.

पिन ठीक, स्क्रू ठीक, तरी रेषा चुकते? मग जॅक लावा, पण गाडीला नेमून दिलेल्या जागीच, आणि खाली कोणी जाऊ नका. चाक उचलण्याच्या बेतात आले की दार उघडून पुन्हा लावून पाहा. जमिनीवर बरे लागणारे दार आता अडकत असेल, किंवा फट बोटभर बदलली असेल, तर सांगाडा लवतो आहे. अशा गाडीच्या दाराला हात लावू नका, आधी पेटीचे वेल्डिंग. तेही दारे जागेवर बसवून, गाडीला सगळीकडून सारखा आधार देऊन, एका वेळी एकच बाजू कापून. मधे जॅकवर टांगलेल्या गाडीला वेल्डिंग केले तर वाकडेपण कायमचे डकवले जाते. मग देवसुद्धा दार लावू शकत नाही.

दाराचा रबर हा दुसरा घोटाळा. हल्ली मिळणारा रबर पुष्कळदा मूळच्यापेक्षा जाड आणि कडक असतो. तो लावला की दार बाहेर राहते. आधी रबर काढून दार नीट बसते का बघावे, मगच रबर लावावा. रबर दाबतो की नाही ते कळायला वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून ओढा. सहज निघाली तर तिथून पाणी आणि धूळ येणार.

सगळ्यात शेवटी खांबावरचा स्ट्रायकर, ज्यात खटका अडकतो तो. लोक सुरुवात इथूनच करतात. स्ट्रायकरचे काम दार धरायचे आहे, उचलायचे नाही. सैल करण्यापूर्वी त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ मारा आणि एका वेळी काडीभरच सरकवा. खटका दोन टप्प्यांत लागतो. पहिल्याच टप्प्यावर दार लागल्यासारखे वाटते, पण खड्ड्यात सुटते. आमच्या आईच्या वेळी तेच झाले.

आता पट्ट्यांविषयी. त्या क्लिपांवर बसतात आणि क्लिपा पत्र्याच्या भोकात. पेचकसाने उचकटले की पट्टीला मोड येतो, तो परत सरळ होत नाही. बांबूची चपटी चिपाटी कापडात गुंडाळून क्लिपेजवळून हळूहळू उचला. भोक गंजले असेल तर घासून प्रायमर मारा, वाळू द्या, मग नवी क्लिप सीलंट लावून बसवा. काहीजण सरळ पट्टीतून स्क्रू पिळतात. त्याने पाणी आत जाते आणि काच खाली करताना ती आतल्या टोकाला घासते. क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर ॲल्युमिनियमचा चंदेरी कागद पाण्यात बुडवून हलका घासा. चिंच-लिंबू लावू नका, आंबट ठिपक्यात राहून गंज आणखी वाढतो.

काचेच्या फटीतून पाणी दारात शिरणारच, ते खाली निघून जायला दाराच्या तळाला भोके ठेवलेली असतात. चिखल, पाचटाचा भुसा आणि वरून मारलेला रंग यांनी ती बुजतात. पावसाळ्यापूर्वी खराट्याच्या काडीने मोकळी करा. जळके ऑइल आत ओतण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्याने रबर फुगून सडतो.

आणि एक विनंती, ही मात्र माझ्या खात्यातली आहे. डिकीतून किंवा मागच्या सीटवरून खताची पोती नेऊ नका. पोटॅश म्हणजे मिठाचाच भाऊ. चार दाणे मॅटखाली सांडले तरी ते हवेतला ओलावा धरतात आणि पत्रा खातात. आपल्या जिल्ह्यात पाऊस कमी, त्यामुळे गाड्या मुंबईच्या मानाने कमी गंजतात. तो फायदा आपण खताने घालवतो. नेलीच असतील तर त्याच दिवशी मॅट काढून झाडून घ्या, ओल्या फडक्याने पुसा आणि दारे उघडी ठेवून उन्हात वाळवा.

१५ वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी ५-५ वर्षांसाठी नव्याने करावी लागते आणि त्यावेळी आर.टी.ओ.त गाडी तपासतात. ज्या सभासदांची मुदत जवळ आली आहे, त्यांनी निदान जॅकची परीक्षा हंगाम सुरू होण्याआधी करून घ्यावी. तोडी सुरू झाल्यावर गाडीकडे बघायला आपल्याला कुठला वेळ!

आपला,
ऊस विकास अधिकारी