एनसीवर समाधान मानू नका, एफआयआरचा आग्रह धरा

वस्तीत मारहाण झाली, जातीवरून शिवीगाळ झाली की आपली माणसे पोलीस ठाण्यात जातात आणि अनेकदा एनसीचा कागद घेऊन परत येतात. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यात पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून सही करण्याआधी कागद वाचा, असे आम्ही कार्यकर्त्यांना सांगतो.

दखलपात्र गुन्ह्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ लक्षात ठेवा. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी तक्रार घ्यावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्याने नकार दिला तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपून ठेवा. तरीही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

"आधी चौकशी करू, मग बघू," हे उत्तर ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात चालत नाही. २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८अ नुसार गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. "तुम्ही तर बौद्ध, तुम्हाला ॲट्रॉसिटी कशी लागू?" असेही विचारले जाते. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जातीचा दाखला तयार ठेवा.

तक्रारीत तारीख, वेळ, ठिकाण, उच्चारलेले नेमके शब्द आणि तिथे हजर असलेल्यांची नावे लिहा. अपमान चारचौघांत झाला, हे त्यातूनच सिद्ध होते. आणि ठाण्यात शक्यतो एकट्याला पाठवू नका.