खेड्यातील दूरचित्रवाणी : दिल्लीची ८० गावे ते उपग्रहाची २,४०० गावे

सुधारलेली पद्धत शेतकऱ्याला नुसती तोंडाने सांगितली तर तो ऐकून घेतो. तीच शेजारच्या शेतात त्याच्या डोळ्यांसमोर करून दाखविली तर तो प्रश्न विचारू लागतो. प्रात्यक्षिकाचे सारे महत्त्व यातच आहे. परंतु एका ग्रामसेवकाच्या वाट्याला अनेक गावे येतात, आणि प्रात्यक्षिक एका वेळी एकाच शिवारात होऊ शकते. एकच प्रात्यक्षिक एकाच संध्याकाळी शेकडो गावांना दाखविता येईल काय? भारतात दूरचित्रवाणीचा विचार सुरू झाला तेव्हापासून हा प्रश्न तिच्याशी निगडित राहिला आहे.

दूरचित्रवाणीचा जन्म मात्र शहरात झाला. जॉन लोगी बेअर्ड या स्कॉटिश संशोधकाने २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमध्ये शास्त्रज्ञांसमोर हलती चित्रे दूरचित्रवाणीने दाखविली. बीबीसीची नियमित सेवा २ नोव्हेंबर १९३६ रोजी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती बंद होती आणि १९४६ मध्ये पुन्हा चालू झाली. घरोघरी स्वतःचा संच, हीच त्या देशांतील कल्पना होती. भारतात ती उचलून चालण्यासारखे नव्हते. येथे सुरुवातीपासून विचार झाला तो चावडीवर किंवा शाळेत बसविलेल्या सामुदायिक संचाचा.

या विचाराला महाराष्ट्रातील एका प्रयोगाचा आधार होता. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे १५० गावांतून, शेतकरी श्रोतृमंडळे स्थापन केली. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि उद्भवलेले प्रश्न केंद्राकडे कळवावेत, अशी व्यवस्था होती. ज्या गावांत अशी मंडळे होती तेथील लोकांच्या ज्ञानात, मंडळे नसलेल्या गावांच्या तुलनेने, स्पष्ट वाढ झाल्याचे पाहणीत आढळले. रेडिओ तोच, कार्यक्रमही तेच. फरक पडला तो बैठकीने आणि चर्चेने. पुढील सर्व हकीकत वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी आकाशवाणीच्या अखत्यारीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. आरंभी ते आठवड्यातून दोनच दिवस होत असे. १९६५ मध्ये दैनंदिन सेवा चालू झाली. शेतीसाठी खरा आरंभ झाला तो २६ जानेवारी १९६७ रोजी. बेअर्डच्या प्रयोगाचीच तारीख यावी हा निव्वळ योगायोग! त्या दिवशी ‘कृषि दर्शन’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांत सामुदायिक संच बसविण्यात आले. अणुशक्ती खाते, भारतीय कृषि संशोधन संस्था, दिल्ली प्रशासन व आकाशवाणी यांनी मिळून हे काम हाती घेतले. बुटक्या, अधिक उत्पन्न देणाऱ्या गव्हाच्या जाती त्याच सुमारास शेतकऱ्यांपर्यंत पोहोचू लागल्या होत्या. या जातींना खताची मात्रा, पेरणीची खोली आणि पहिल्या पाण्याची वेळ नेमकी साधावी लागते. बी किती खोल पडावे हे दहा वाक्यांत सांगण्यापेक्षा एकदा दाखविलेले बरे, हे वेगळे सांगावयास नको.

पण ८० गावांच्या पलीकडे कसे जावयाचे? दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीचा गोलावा आणि मधले डोंगर त्यांना अडवितात. त्यामुळे एका मनोऱ्याची मजल काही मैलांपुरतीच राहते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तरीही तेथील चित्र सह्याद्रीच्या अलीकडे, पुण्यास, पोहोचविण्यासाठी सिंहगडावर वेगळे सहप्रक्षेपण केंद्र उभारावे लागले. संपूर्ण देश अशा मनोऱ्यांनी व्यापावयाचा तर कित्येक वर्षे लागणार, आणि मोठ्या शहरांचा क्रम आधी लागून खेडी अखेरीस राहणार, हे उघड होते.

डॉ. विक्रम साराभाई यांनी हा क्रमच उलटा करण्याचा विचार मांडला. उपग्रहावरून येणाऱ्या लहरींना शहर आणि खेडे सारखेच. मग दूरच्या खेड्यापासूनच आरंभ का करू नये? १९६९ मध्ये भारताचे अणुशक्ती खाते आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला. साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजी निवर्तले. प्रयोग पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पुढे हे कार्य अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने, प्रा. यश पाल यांच्या नेतृत्वाखाली, सिद्धीस नेले. प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा साराभाईंचे सहकारी, कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस यांनी वाहिली.

या प्रयोगासाठी अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह एक वर्षापुरता उसना मिळाला. तो पूर्व आफ्रिकेच्या वर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आणून ठेवण्यात आला. त्याची छत्री सुमारे नऊ मीटर व्यासाची असल्याने जमिनीवर येणाऱ्या लहरी बऱ्यापैकी बलवान होत्या, आणि म्हणूनच गावातील साधने साधी व स्वस्त ठेवता आली. गावात बसविलेली सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची होती. जाळीला भोके असताना लहरी निसटून कशा जात नाहीत, अशी शंका येणे साहजिक आहे. या लहरींची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ सव्वा फूट होती. जाळीची भोके त्यापेक्षा पुष्कळच लहान असल्याने लहरींच्या दृष्टीने ती जाळी पत्र्यासारखीच ठरते. शिवाय जाळी वजनाला हलकी असते आणि वारा तिच्यातून निघून जातो, हा आणखी फायदा.

‘साइट’ या नावाने ओळखला गेलेला हा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाला. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश व कर्नाटक या सहा राज्यांतील २,४०० गावांत उपग्रहावरून थेट चित्र येऊ लागले. रोज चार तास कार्यक्रम होत. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळी शेती, पशुपालन, आरोग्य व कुटुंब नियोजन या विषयांवर. एका चित्राबरोबर दोन वेगळ्या भाषांतील ध्वनी पाठविण्याची सोय होती, त्यामुळे एकच चित्र पाहून एका भागातील लोक तेलुगू ऐकत तर दुसऱ्या भागातील कन्नड. महाराष्ट्राचा या सहा राज्यांत समावेश नव्हता.

प्रथम संचासमोर मोठी झुंबड उडे. नवलाई ओसरल्यावर ती कमी झाली व एका ठरावीक संख्येवर स्थिरावली. पाहणीत जे आढळले ते विस्तार कार्यकर्त्यांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहे. आरोग्य आणि कुटुंब नियोजन या विषयांतील ज्ञानात चांगली भर पडली. त्यातही निरक्षर माणसांना, विशेषतः स्त्रियांना, अधिक लाभ झाला. कारण सरळ आहे. ज्यांच्यापर्यंत पुस्तक किंवा पत्रिका कधी पोहोचलीच नव्हती, त्यांच्यापर्यंत चित्र पोहोचले. शेतीच्या नव्या पद्धती प्रत्यक्ष अंगीकारण्यात मात्र फारसा फरक दिसला नाही. मुलाला लस टोचून घ्यावी हे राजस्थानात आणि ओरिसात सारखेच खरे. पण भाताचे रोप केव्हा लावावे, काळ्या जमिनीस किती पाणी द्यावे, हे तालुक्यागणिक बदलते. शेकडो गावांसाठी एकच सल्ला दिला तर तो पुष्कळांच्या बांधावर लागू पडत नाही. आणि ज्याला तो लागू पडे त्याला बी व खत जवळपास मिळेलच असे नव्हते. उपग्रहाने अंतर मिटविले, पण एका जमिनीचा दुसऱ्या जमिनीशी असलेला फरक मिटविणे त्याच्या हाती नव्हते.

३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपली आणि उपग्रह माघारी गेला. काही भागांत जमिनीवरील प्रक्षेपकांच्या साहाय्याने कार्यक्रम चालू ठेवण्यात आले. इतरत्र संच मुके झाले. भारताचा स्वतःचा इन्सॅट-१बी हा उपग्रह १९८३ मध्ये कार्यान्वित झाला. तत्पूर्वीच, १९८२ मध्ये, रंगीत प्रक्षेपणास आरंभ झाला होता. त्यानंतर संच घरोघरी आले आणि चावडीवरचा सामुदायिक संच हळूहळू मागे पडला. केवळ शेतीसाठी वाहिलेली दूरदर्शनची ‘डीडी किसान’ ही वाहिनी २६ मे २०१५ रोजी सुरू झाली.

या सर्वांत एका लहानशा केंद्राचा उल्लेख राहता कामा नये. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात पीज या गावी १९७५ मध्ये एक कमी शक्तीचा प्रक्षेपक बसविण्यात आला. त्याचे चित्र एका जिल्ह्यापुरतेच जाई. दुधाच्या सहकारी संस्थांचे जाळे तेथे आधीपासून होते. कार्यक्रम करणारी मंडळी अहमदाबादहून गावोगाव हिंडत, लोकांच्या अडचणी समजून घेत, आणि त्यांच्याच बोलीत, पुष्कळदा त्यांनाच पात्रे करून, कार्यक्रम बसवीत. ‘दाद फरियाद’ या मालिकेत गावकऱ्यांची गाऱ्हाणी पडद्यावर मांडली जात. पुण्याच्या श्रोतृमंडळांत जे पत्राने घडत होते, ते येथे कॅमेऱ्याने घडू लागले. ग्रामीण संपर्कासाठी युनेस्कोचे पारितोषिक या प्रकल्पास मिळाले. दिल्लीचे कार्यक्रम सर्वत्र दिसू लागल्यावर पीजचे हे केंद्र बंद करण्यात आले. ते चालू राहावे म्हणून त्या भागातील लोकांनी विरोध केला होता.